बालीची रात्र आणि तिचा पहारा

जावा बेटाच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें आठ अंशांवर, बाली हें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ साडेपांच हजार चौरस किलोमीटरांहून थोडेंसेंच अधिक, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही तें लहान. २०२० सालच्या शिरगणतींत तेथील वस्ती ४३ लाखांच्या घरांत भरली. परंतु एकट्या २०१९ सालांत या बेटावर परदेशांतून ६० लाखांहून अधिक पाहुणे येऊन गेले. देवळें, भातशेतीच्या हिरव्या पायऱ्या, ज्वालामुखी पर्वत आणि निळा समुद्र हीं पाहण्यासाठीं पुष्कळ लोक येतात हें खरें. पण तरुण पाहुण्यांचा मोठा वर्ग येतो तो दिवसापेक्षां रात्रीच्या ओढीनें. कुटा, लेगियान, सेमिन्याक या दक्षिणेकडील किनाऱ्यावरच्या वस्त्यांत सूर्य मावळल्यावर जी वर्दळ सुरू होते ती पहांटेपर्यंत ओसरत नाहीं.

अशा ठिकाणीं रात्रीचा आनंद निर्धास्तपणें कसा घ्यावा, असा प्रश्न घरच्या वडील माणसांच्या मनांत येतो, आणि जाणाऱ्याच्याही मनांत यावयास हवा. प्रवासाच्या पुस्तकांत त्याचें उत्तर सूचनांच्या यादीच्या रूपानें मिळतें. पैसे जपावे, एकट्यानें हिंडूं नये, अनोळखी मनुष्याच्या हातचें पिऊं नये, इत्यादि. या सूचना चुकीच्या नाहींत. परंतु त्यांच्या मागें एक मोठा प्रश्न उभा आहे. माणसें निर्धास्त होऊन हंसतात, नाचतात, डोळे मिटतात, तेव्हां जागें कोण असतें? रात्रीचा पहारा कोणाकडे असतो? बालीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधानें पाहिला, म्हणजे त्या साध्या सूचनांचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

बालीच्या लोकांना रात्रीचा आनंद परदेशी पाहुण्यांनीं शिकविला, असा समज कोणाचा असेल तर तो खोटा आहे. उष्ण कटिबंधांत संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. बालींत बाराही महिने सूर्य संध्याकाळीं सहा-साडेसहाच्या मागेंपुढें मावळतो आणि रात्र जवळजवळ बारा तासांची असते. दिवसाच्या उन्हांत शेतावर खपलेल्या माणसांना गारवा आणि फुरसत मिळते ती तेव्हांच. म्हणून या बेटावरील नाट्य, नृत्य आणि वादन हीं मुख्यतः रात्रीचींच. ‘वायांग कुलित’ हा कातडी बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ नारळाच्या तेलाच्या दिव्यापुढें रात्रीं उशिरां सुरू होई आणि पुष्कळदां पहांटेपर्यंत चाले. सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, किंवा कोंकणांतील देवळापुढें दशावतारी खेळासाठीं ज्यांनीं रात्र जागविली आहे, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं. कथाही बहुधा महाभारत-रामायणांतल्याच. सूत्रधाराला तेथें ‘दालांग’ म्हणतात. देव आणि वीर हे जुन्या कवि भाषेंत बोलतात, तर त्यांचे विदूषक सेवक तें सारें गांवच्या बोलींत सांगून लोकांना हंसवितात.

या खेळांना तिकीट नव्हतें, पण व्यवस्था होती. बालीच्या गांवांत ‘बांजार’ नांवाची संस्था फार जुनी आहे. एका वस्तींतील विवाहित कुटुंबांचा हा संघ. लग्न, अंत्यविधि, देवळाचा उत्सव, रस्त्याची डागडुजी, सारें काम बांजार वांटून घेतो. त्याच्या सभामंडपाजवळ ‘कुलकुल’ म्हणून एक पोकळ लांकडी वाद्य टांगलेलें असतें. सभेसाठीं एका लयीनें, आगीसाठीं वा चोरीसाठीं दुसऱ्या लयीनें तें वाजवितात, आणि लय ऐकतांच कोणत्या कामासाठीं धांवावयाचें हें घरोघरीं कळतें. उत्सवाच्या रात्रीं कोण जागणार, वाटेवर कोण उभें राहणार हें आधींच ठरलेलें असे. प्रेक्षकांत लहान मुलें आयांच्या मांडीवर झोंपीं जात, म्हाताऱ्या सुपारी चघळीत बसत, आणि तरुण मंडळी एकमेकांकडे चोरून पाहत. तो आनंद निर्भय होता, कारण पाहणारा, नाचणारा आणि राखणारा हे तिघेही एकाच गांवचे होते.

मद्यही तेथें नवें नव्हतें. माडापासून आणि इतर ताडवर्गीय झाडांपासून काढलेली ताडी म्हणजे ‘तुआक’. तिच्यापासून गाळलेलें कडक मद्य म्हणजे ‘अराक’. आणि तांदळापासून केलेलें गोडसर पेय म्हणजे ‘ब्रेम’. गोमंतकांतील माडाची फेणी आणि बालीचें अराक हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. पूजेच्या वेळीं भूतगणांच्या शांतीसाठीं अराक जमिनीवर शिंपडतात, आणि संध्याकाळीं पुरुषमंडळी तुआकचें भांडें मध्यें ठेवून गातही बसतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाळणारा आणि पिणारा एकमेकांना ओळखत होते. वाईट माल विकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत तोंड दाखवावें लागे. कायदा नसला तरी ओळख हाच तेथील निर्बंध होता.

अर्थात् जुन्या बालीचें चित्र केवळ सोनेरी रंगानें रंगविणें सत्याला धरून होणार नाहीं. सतराव्या व अठराव्या शतकांत या बेटावरून गुलामांचा मोठा व्यापार चाले. कोंबड्यांच्या झुंजींवरील जुगारांत कर्जबाजारी झालेला मनुष्य गुलामगिरींत विकला जाण्याचा संभव असे. आज जेथें संगीताचा गजर चालतो तें कुटा त्या काळीं गुलामांच्या व्यापाराचें एक कुप्रसिद्ध बंदर होतें. बालीच्या लोकांच्या कल्पनेप्रमाणें पर्वताची दिशा पवित्र आणि समुद्राची दिशा अपवित्र शक्तींची. त्यामुळें वाळूची नापीक जमीन आणि समुद्रकांठ हे गरीब कोळ्यांच्या वांट्याला आले. ज्या जमिनीला पुढें सोन्याचा भाव आला ती तेव्हां कोणाला नकोशी होती.

याच कुटांत १८३९ सालीं माड्स लांगे नांवाचा एक डॅनिश व्यापारी येऊन राहिला. तांदूळ, तेल, गुरेंढोरें यांचा त्याचा व्यापार भरभराटला. त्याचें घर परदेशी दर्यावर्दींचें विश्रांतिस्थान झालें, आणि १८४९ सालच्या युद्धानंतर डच सरकार आणि बालीचे राजे यांच्यांत समेट घडविण्यांतही त्याचा हात होता. १८५६ सालीं तो वारला. त्याची कबर आजही कुटांत आहे. बालीला आलेल्या पाहुण्यांसाठीं कुटांत घर उघडें ठेवणारा हा बहुधा पहिला प्रसिद्ध यजमान. परंतु त्याचा पाहुणचार राजाच्या परवानगीवर आणि आश्रयावर अवलंबून होता.

तें राज्य पुढें अत्यंत करुण रीतीनें संपलें. २० सप्टेंबर १९०६ रोजीं डच सैन्य बाडुंगच्या राजधानींत शिरलें, तेव्हां राजा, त्याचें कुटुंब आणि परिवार शुभ्र वस्त्रें नेसून बंदुकांसमोर चालत गेले आणि मृत्यूला सामोरे झाले. ‘पुपुतान’ या नांवानें हा प्रसंग ओळखला जातो. १९०८ सालीं क्लुंगकुंग येथें तसाच प्रसंग पुन्हां घडला. या रक्तपातामुळें युरोपांत डचांची जी अपकीर्ति झाली ती पुसण्यासाठीं बालीची संस्कृति जपण्याचें धोरण डच सरकारनें स्वीकारलें, आणि त्या जपलेल्या संस्कृतीचें दर्शन घडविण्याचा धंदाही त्यांतूनच निघाला. १९२८ सालीं देनपासार येथें डच जहाज कंपनीचें ‘बाली हॉटेल’ उघडलें. त्याच्या आसपासच्या काळांत, म्हणजे १९२७ सालीं, रवींद्रनाथ ठाकूर बाली पाहून गेले. वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार तेथेंच स्थायिक झाला. ज्याला आज ‘केचक’ म्हणतात तें वानरसेनेच्या घोषाचें नृत्य १९३० नंतरच्या दशकांत बाली कलावंतांच्या आणि श्पीसच्या सहकार्यानें आजच्या रूपास आलें. यांत एक मोठा बदल झाला. रात्रीचा खेळ पहिल्यानें पाहुण्यांच्या सोयीच्या वेळीं, पाहुण्यांच्या बेताच्या लांबीचा, आणि मोबदला घेऊन होऊं लागला.

१९३६ सालीं बॉब आणि लुईझ कोक या अमेरिकन दांपत्यानें कुटाच्या ओसाड किनाऱ्यावर बांबूच्या झोंपड्यांचें एक हॉटेल उभारलें. लांकडी फळीवर उभें राहून लाटांवरून घसरत येण्याचा हवाई बेटांतला खेळ बॉब कोक यानेंच बालींत आणला. १९४२ सालीं जपानी स्वारी आली आणि तें हॉटेल नाहींसें झालें. तथापि एक कल्पना रुजून गेली होती. ज्या किनाऱ्याकडे बालीचे लोक पाठ करून बसत, त्याच किनाऱ्यावर पाहुणे तोंड करून बसूं लागले.

इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर सानुर येथें जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून दहा मजली हॉटेल बांधलें गेलें. तें १९६६ सालीं उघडलें. तें बेटाच्या रूपाला इतकें विसंगत दिसलें कीं पुढें इमारतीची उंची माडाच्या उंचीहून अधिक असूं नये, म्हणजे सुमारें १५ मीटरांच्या आंत असावी, असा दंडक झाला. १९६९ सालीं आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. १९७१ सालीं फ्रेंच तज्ज्ञांनीं केलेल्या योजनेचें सार असें होतें कीं श्रीमंत पाहुण्यांना नुसा दुआ या कोरड्या टोंकावर एकत्र ठेवावें आणि गांवांना त्यांच्या वर्दळीपासून दूर राखावें. योजना कागदावर नीटनेटकी होती. परंतु तरुण प्रवासी कागद पाहून चालत नाहींत. युरोपांतून इराण, अफगाणिस्तान, गोवा, काठमांडू असा प्रवास करीत, पाठीवर एक पिशवी घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघालेले तरुण, आणि उलट ऑस्ट्रेलियाहून लाटांच्या शोधांत आलेले तरुण, हे कुटांतच उतरूं लागले. कोळ्यांच्या घरांतील एखादी खोली भाड्यानें मिळे, सकाळीं चहा आणि केळीं मिळत. या घरगुती उतारशाळांना ‘लोसमेन’ म्हणत. हणजुणें येथें त्याच सुमारास जें घडत होतें त्याचेंच हें पूर्वेकडील प्रतिबिंब.

घरगुती उतारशाळेंत पाहुणा हा निदान घरच्या माणसांना माहीत असे. तो रात्रीं परतला नाहीं तर सकाळीं कोणीतरी चौकशी करी. पुढील वीस-तीस वर्षांत वाट रुंद झाली, दुकानें आलीं, भातशेतें बुजलीं आणि लेगियान मार्गावर नाचघरांची रांग उभी राहिली. आतां मालक एकीकडचा, चाकर दुसऱ्या बेटावरचा, पाहुणा तिसऱ्या खंडांतला, असें झालें. सारी क्लब नांवाच्या प्रसिद्ध नाचघरांत तर परदेशी पाहुण्यांनाच प्रवेश असे. बेटावरचे लोक आंत असत ते चाकरीपुरते. जुन्या रात्रींतील पाहणारा, नाचणारा आणि राखणारा यांची फारकत येथें पूर्ण झाली.

१२ ऑक्टोबर २००२ ची रात्र शनिवारची होती. अकराच्या सुमारास पॅडीज या मद्यगृहांत एका आत्मघातकी माणसानें पाठीवरील पिशवींतला बाँब उडविला. जीव वांचविण्यासाठीं लोक रस्त्यावर धांवले, आणि कांहीं सेकंदांतच समोरच्या सारी क्लबपुढें उभ्या असलेल्या मोटारींतला प्रचंड बाँब उडाला. क्लबच्या गवती छपरानें पेट घेतला. २०२ माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि २०० हून अधिक जखमी झालीं. मृतांत ८८ ऑस्ट्रेलियन होते, आणि ३८ इंडोनेशियन. ही दुसरी संख्या परदेशी वृत्तपत्रांत फारशी झळकली नाहीं. पण मोटारहांके, पहारेकरी, वाढपी आणि वाटसरू यांची ती संख्या आहे. ज्या आनंदांत त्यांना वांटा नव्हता, त्याच्या संहारांत मात्र त्यांना पुरेपूर वांटा मिळाला.

त्या रात्रीं पहारा कोणी केला? पहिले धांवून आले ते शेजारचे लोक. हिंदु बांजारांची माणसें आलीं, तशीच कुटांतील मुसलमान वस्तींतील माणसेंही आलीं. त्यांनीं रात्रभर जखमी माणसें उचलून गाड्यांत घातलीं. देनपासारच्या सांगलाह रुग्णालयाची शक्ति पहिल्या तासाभरांतच संपली. भाजलेल्यांच्या उपचारांची सोय अपुरी होती, शवागार भरून गेलें, आणि प्रेतें राखण्यासाठीं बर्फाच्या लाद्या आणाव्या लागल्या. शेंकडों स्वयंसेवक, बालीचे आणि परदेशी, दिवसेंदिवस तेथें राबले. गंभीर जखमी झालेल्या अनेकांना ऑस्ट्रेलियाच्या लष्करी विमानांनीं डार्विन येथें नेण्यांत आलें. त्यांतील कित्येकांवर पुढें पर्थच्या रुग्णालयांत डॉ. फिओना वुड यांनीं, रुग्णाच्याच त्वचेच्या पेशी वाढवून त्या जखमेवर फवारण्याच्या पद्धतीनें उपचार केले.

बेटाची हॉटेलें ओस पडलीं. ज्याच्या घरांतला कोणी ना कोणी पाहुण्यांवर पोट भरीत नाहीं असें कुटुंब दक्षिण बालींत विरळाच. त्या सर्वांच्या चुली थंडावल्या. तरीही सूड म्हणून परधर्मीय शेजाऱ्यांवर कोणी हात उगारला नाहीं, ही गोष्ट बालीच्या इतिहासांत सुवर्णाक्षरांनीं लिहिण्यासारखी आहे. उलट पुष्कळांनीं असें विचारलें कीं, आपल्याकडून कोणतें कर्तव्य राहिलें? १५ नोव्हेंबर २००२ रोजीं त्याच जागीं एक मोठा शुद्धिविधि झाला, आणि मृतांच्या आत्म्यांना, ते कोणत्याही देशाचे असोत, शांति मागण्यांत आली. गुन्हेगार पकडले गेले. त्यांतील तिघांना ९ नोव्हेंबर २००८ रोजीं मृत्युदंड देण्यांत आला. परंतु त्यापूर्वीं, १ ऑक्टोबर २००५ रोजीं, जिम्बारानच्या किनाऱ्यावरील भोजनगृहांत आणि कुटांत पुन्हां स्फोट झाले आणि हल्लेखोरांखेरीज २० माणसें प्राणांस मुकलीं.

यानंतर नाचघरांच्या दारांत पिशव्या तपासूं लागले, हॉटेलांच्या आवारांत शिरणाऱ्या मोटारींखालीं आरसे धरूं लागले. त्याबरोबरच ‘पेचालांग’ या जुन्या ग्रामरक्षकांना नवें महत्त्व आलें. काळ्या-पांढऱ्या चौकटींचें वस्त्र कमरेला गुंडाळलेले हे रक्षक बांजारांतून आणि गांवांतून निवडले जातात. काळा आणि पांढरा हे रंग चांगल्या-वाइटाचा तोल दर्शवितात, असा तेथील समज आहे. हेंच वस्त्र देवळाच्या द्वारपालांच्या मूर्तींना आणि वडाच्या बुंध्यांनाही नेसवितात. हातांत शस्त्र नसलेला हा पहारेकरी रस्त्यावर उभा राहिला, याचा अर्थ एवढाच कीं गांवानें आपली रात्र पुन्हां आपल्या हातीं घेण्याचा प्रयत्न केला.

बाँबची आठवण स्मारकावर कोरलेली आहे. परंतु बालीच्या रात्रीचे बहुतेक बळी असा मोठा आवाज होऊन जात नाहींत. मद्यांत मिसळलेलें मिथेनॉल हें त्यांपैकीं एक निःशब्द संकट. परदेशी मद्यावर इंडोनेशियांत जबर कर आहेत. त्यामुळें बाटली खऱ्या मद्याची आणि आंत मात्र स्वस्त अराक, असा लबाडीचा मोह कांहीं विक्रेत्यांना पडतो. अराक स्वतः प्राणघातक नसतें. पण त्याचा कडकपणा वाढविण्यासाठीं कोणी कारखान्यांतलें मिथेनॉल मिसळलें तर तेंच पेय विष होतें. २००९ सालीं अशा अराकानें बालींत व आसपास सुमारें २५ माणसें दगावलीं. त्यांत कांहीं परदेशी होते, पण बहुसंख्य तेथीलच होते. मुंबईच्या श्रोत्यांना हें संकट दूरचें वाटूं नये. जून २०१५ मध्यें मालाडच्या मालवणी वस्तींत याच विषानें शंभराहून अधिक संसार उघड्यावर पडले.

मिथेनॉलचा कपट असा कीं, तें चवीनें वा वासानें सामान्य मनुष्याला ओळखतां येत नाहीं, आणि प्रथम साध्या नशेपेक्षां वेगळें कांहींच जाणवत नाहीं. यकृतांत त्याचें आधीं फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल होतें. या आम्लाचा घाला दृष्टीच्या मज्जातंतूवर पडतो. बारा ते चोवीस तासांनंतर ओकाऱ्या, पोटदुखी, दम लागणें, डोळ्यांपुढें धुकें वा हिमवर्षाव झाल्यासारखें दिसणें अशीं लक्षणें होऊं लागतात, तेव्हां बरोबरचे सोबती कालच्या अतिपानाचाच तो परिणाम समजून रोग्याला निजूं देतात. हाच तो घातक समज. वेळेवर रुग्णालय गांठलें तर औषध आहे. फोमेपिझोल किंवा शुद्ध इथेनॉल देऊन विषाचें रूपांतर थांबवितां येतें आणि रक्तशुद्धीच्या यंत्रानें तें काढून टाकतां येतें. परंतु वेळ गेली तर दृष्टि जाते, किंवा प्राण. म्हणून बंद बाटली आपल्यासमोर फोडून घेणें, फार स्वस्त मिश्रपेयांना दुरून नमस्कार करणें, आणि मद्यपान करून निजलेल्या मित्राकडे सकाळीं नुसतें हंसून न पाहतां लक्ष देऊन पाहणें, हीं खबरदारी घेणें हा भित्रेपणा नव्हे.

दुसरें संकट समुद्राचें. कुटाच्या लाटांखालून किनाऱ्याकडचें पाणी परत आंत खेंचून नेणारी ओढ असते; दिवसा निशाणें लावून जीवरक्षक जागा दाखवितात, रात्रीं निशाण दिसत नाहीं आणि रक्षकही नसतो. नाचघरांतून घामाघूम होऊन पाण्यांत शिरणाऱ्याला ओढीचा पत्ता लागतो तो पाय सुटल्यावर. अशा वेळीं किनाऱ्याकडे थेट पोहण्याचा हट्ट न धरतां, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावें, हें कोंकणांतला कोळीही सांगेल. तिसरें संकट रस्त्याचें. भाड्याची दुचाकी, अनोळखी वळणें, डोक्याला संरक्षण नाहीं आणि पोटांत मद्य, असा हा योग आहे. चौथें संकट अमली द्रव्यांचें. रस्त्याच्या कडेला कुजबुजत विकणारा मनुष्य दिसतो, म्हणून कायदा झोंपलेला आहे असें समजणें आत्मघाताचें होय. इंडोनेशियाचा कायदा याबाबतींत अत्यंत कठोर असून २९ एप्रिल २०१५ रोजीं आठ जणांना या गुन्ह्याबद्दल गोळ्या घालून देहान्त शिक्षा देण्यांत आली. त्यांतील दोघे बालींतून हेरॉइन नेण्याच्या कटांत सांपडलेले तरुण होते.

आणि तरीही बालीची ओळख केवळ संकटांच्या या यादीनें पुरी होत नाहीं. आनंदासाठीं प्रसिद्ध असलेलें हें बेट वर्षांतून एक रात्र संपूर्ण काळोखांत घालवितें. तो दिवस ‘न्येपी’ चा, म्हणजे त्यांच्या शक संवत्सराच्या आरंभाचा. इ. स. ७८ पासून मोजला जाणारा हा शक आपल्या शालिवाहन शकाचाच सोबती आहे. अधिक मासाच्या गणितामुळें दरवर्षीं नाहीं, पण कित्येक वर्षीं न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशीं येतात. २०२३ सालीं २२ मार्चला तसे ते आले होते. आदल्या संध्याकाळीं राक्षसांच्या अक्राळविक्राळ प्रतिमा वाजतगाजत मिरवतात. दुसऱ्या पहांटेपासून चोवीस तास चार गोष्टी वर्ज्य: अग्नि, काम, प्रवास आणि करमणूक. विमानतळ बंद असतो. रस्त्यावर मोटार नसते. २०१८ पासून तर त्या दिवशीं मोबाइलवरील इंटरनेटही बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. पाहुण्यांनाही हॉटेलाबाहेर पडतां येत नाहीं. दिवे झांकून घ्यावे लागतात. त्या रात्रीं लेगियान मार्गावर फक्त पेचालांगांचीं पावलें ऐकूं येतात. गांवकरी, पाहुणा, मालक आणि चाकर सारे सारख्याच अंधारांत बसलेले असतात. बेटावर हिंडणारीं भूतें सर्वत्र शांत पाहून, येथें कोणी राहत नाहीं असें समजून निघून जातात, अशी यामागची लोककल्पना.

भूतांवर कोणाचा विश्वास असो वा नसो, या प्रथेमागील शहाणपण मोठें आहे. ज्या समाजाला करमणूक एक दिवस थांबवितां येते त्याच्याच हातीं तिची दोरी असते. दोरी सुटली कीं रात्र धंद्याच्या हवालीं होते, आणि धंद्याला जागें राहतां आलें तरी तो जिवाची काळजी घेण्यासाठीं जागत नाहीं. म्हणून उत्सवाच्या रात्रीं एखाद्यानें तरी मद्याला न शिवतां शुद्धीवर राहावें, परतण्याची वेळ आणि वाट घरीं किंवा उतारशाळेंत सांगून ठेवावी, नाचघरांत शिरतांना बाहेर पडण्याचें दुसरें दार पाहून घ्यावें, आणि सोबत्याला मागें टाकून कोणीही परतूं नये. वरवर पाहतां या क्षुल्लक सूचना आहेत. पण बांजारानें शतकानुशतकें केलें तें याहून निराळें नव्हतें. तें काम आतां चार मित्रांच्या लहानशा मंडळीला स्वतःच करावें लागतें, एवढाच फरक.

बालीला जाणारा आजचा तरुण आपल्याबरोबर गांव नेऊं शकत नाहीं. पण गांवपण नेऊं शकतो. वाढप्याचें नांव विचारणें, मोटारहांक्याला माणूस म्हणून वागविणें, पेचालांगानें हात वर केला तर थांबणें, आणि ज्यांच्या अंगणांत आपण नाचतों त्यांच्या जिवाची किंमत आपल्याइतकीच आहे हें ध्यानांत ठेवणें, यांत त्याचा प्रारंभ होतो. २००२ च्या त्या रात्रीं पाहुण्यांना उचलण्यासाठीं जे हात पुढें आले ते याच अंगणांतले होते.